विश्लेषण : उसाच्या कांड्यात नत्र बनवणारे जिवाणू शोधणाऱ्या योहाना डोबेरायनर कोण होत्या?

उसाची लागण करताना बेणे ॲसिटोबॅक्टरच्या द्रावणात अर्धा तास बुडवून ठेवा, ही शिफारस महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकांच्या परिचयाची आहे. हे जिवाणू उसाच्या मुळांत आणि कांड्यांत राहतात आणि हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. १९८८ मध्ये ब्राझीलमध्ये त्यांचा शोध लागला. या शोधामागे कृषिशास्त्रज्ञ योहाना डोबेरायनर यांचे जवळपास चार दशकांचे काम होते.

युद्धाने उठवलेले घर

योहाना यांचा जन्म २८ नोव्हेंबर १९२४ रोजी तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील आउसिग (आताचे उस्ती) या गावी जर्मन भाषक कुटुंबात झाला. वडील पाउल कुबेल्का हे रसायनशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन भाषकांना देशाबाहेर घालवण्यात आले. त्या उलथापालथीत आई गेली आणि योहाना जर्मनीत शेतांवर गाईंच्या धारा काढण्याचे, शेणखत पसरण्याचे काम करू लागल्या. पुढे म्युनिकमध्ये त्यांनी कृषिशास्त्राची पदवी घेतली, पशुवैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या युर्गेन डोबेरायनर यांच्याशी लग्न केले आणि दोघे वडिलांपाठोपाठ ब्राझीलला आले. रिओ द जानेरोजवळच्या सेरोपेडिका येथील सरकारी कृषी संशोधन केंद्रात त्यांना मृदा सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. या विषयाचे वेगळे शिक्षण त्यांच्याकडे नव्हते. १९५६ मध्ये त्या ब्राझीलच्या नागरिक झाल्या.

सोयाबीनचा हट्ट

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असतो, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. कडधान्ये, शेंगावर्गीय पिके मुळांवरच्या गाठींतल्या रायझोबियम जिवाणूंकडून तो मिळवतात. १९६०च्या दशकात ब्राझीलमध्ये सोयाबीनचा विस्तार सुरू झाला, तेव्हा अमेरिकेसारखे नत्रखत देऊन वाण निवडावेत, असा एक मतप्रवाह होता. योहाना यांनी त्याला विरोध केला. भरपूर खत मिळालेल्या रोपाला जिवाणूंची गरजच उरत नाही. मग जिवाणूंशी चांगले जुळणारे वाण ओळखायचे कसे? खताविना, जिवाणू लावूनच निवड करा, असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला. आज ब्राझीलमधले बहुतेक सोयाबीन जवळपास नत्रखताशिवाय पिकते. देशाच्या पैशांचा हिशोब मांडला तर हेच त्यांचे सर्वांत मोठे काम ठरावे, जरी त्यांचे नाव उसाशी जास्त जोडले गेले.

गाठी नसलेल्या पिकांचे काय?

ऊस, मका, गवत यांच्या मुळांना गाठी येत नाहीत. तरीही त्यांना जिवाणू नत्र पुरवत असतील, ही कल्पना बहुतेकांना पटत नव्हती. अडचण तपासण्याच्या पद्धतीतही होती. नत्र पकडणारे विकर प्राणवायूने निकामी होते आणि जिवाणूला जगायला तर प्राणवायू लागतो. पसरट, घट्ट आगरवर हे जिवाणू नत्र पकडत नसत. योहाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आगर इतके कमी घातले, की माध्यम पातळ खळीसारखे राहिले. त्यात जिवाणू पोहत पोहत आपल्याला मानवेल इतकाच प्राणवायू असलेल्या खोलीवर जाऊन थांबत. पृष्ठभागाच्या थोडे खाली एक पांढरी साय धरे. या साध्या युक्तीमुळे, १९२५ नंतर जवळपास विस्मरणात गेलेला एक जिवाणू गवतांच्या मुळांशी पुन्हा सापडला. तोच आजचा ॲझोस्पिरिलम.

मात्र उत्साहात आकडे फुगले. १९७५ मध्ये मक्याबाबत प्रसिद्ध झालेले नत्र स्थिरीकरणाचे अंदाज इतरांच्या प्रयोगांत टिकले नाहीत. कापलेली मुळे रात्रभर ठेवून केलेली मोजणी प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवत होती. टीका जोरात झाली, अनेक प्रयोगशाळांनी विषय सोडला. योहाना यांनी सोडला नाही.

उसाच्या आत

१९८८ मध्ये त्यांनी आणि कावाल्कान्ते यांनी उसाच्या मुळांतून आणि कांड्यांतून एक नवा जिवाणू वेगळा केला. दहा टक्के साखर आणि आंबट रस, जिथे इतर जिवाणूंची वाढ खुंटते, तिथे तो फोफावतो. जमिनीत त्याचा टिकाव कमी, म्हणून एका पिकातून दुसऱ्या पिकात तो मुख्यतः बेण्यातून जातो. ॲसिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस हे त्याचे आधीचे नाव (आता ग्लुकोनॲसिटोबॅक्टर). नत्राशिवाय तो वाढीची संप्रेरकेही बनवतो, त्यामुळे मुळांचा पसारा वाढतो. पाने करपवणाऱ्या एका रोगजंतूला प्रयोगशाळेत तो मारतो, असेही दिसले आहे.

या वेळी मोजणीही पक्की होती. सहकाऱ्यांनी काँक्रीटच्या टाकीत ऊस लावून, नत्राचे जड समस्थानिक वापरून तीन वर्षे हिशोब ठेवला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार काही वाणांनी आपल्या नत्रापैकी निम्म्याहून अधिक हवेतून मिळवला होता. ‘काही वाणांनी’ हे शब्द महत्त्वाचे. सगळे ऊस सारखे नाहीत, आणि नत्रखताचा मारा असेल तर कांड्यातले हे जिवाणू कमी होतात.

महाराष्ट्रात पुण्याजवळच्या मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ॲसिटोबॅक्टरचे संवर्धक तयार करते. बेण्याला आधी बुरशीनाशकाची प्रक्रिया, बेणे सुकल्यावर जिवाणूंची, हा क्रम पाळावा लागतो. दोन्ही एकत्र कालवली तर जिवाणूच मरण्याची भीती असते.

योहाना यांना १९८९ मध्ये युनेस्कोचा विज्ञान पुरस्कार मिळाला. ५ ऑक्टोबर २००० रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी मेक्सिकोतील कॉफीच्या झाडांशी सापडलेल्या, त्याच कुळातल्या आणि नत्र पकडणाऱ्या एका नव्या जिवाणूचे नामकरण झाले : ग्लुकोनॲसिटोबॅक्टर योहानी.