पंडिता रमाबाई: ठरलेले ध्येय व रोजचा नेम

आळंदीची पालखी दिघीच्या रस्त्याने पुण्यास येते, तेव्हा कोठे जावयाचे हे त्या समुदायात कोणी कोणास विचारीत नाही. पंढरपूर ठरलेले, आणि आजची मजलही ठरलेली; म्हणून वृद्ध माणसेही पोहोचतात. आमचे पुष्कळ वाचक मात्र दिवसभर राबतात आणि रात्री काय साधले हे त्यांस सांगता येत नाही. त्यांच्यासाठी पंडिता रमाबाईंचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत कुटुंबासह तीर्थोतीर्थी फिरत. आईने रमाबाईंस संस्कृत शिकविले व हजारो श्लोक त्यांस मुखोद्गत झाले. 1874 च्या सुमारास दुष्काळात आईबाप निवर्तले. मग भाऊ श्रीनिवास यांजबरोबर त्या उपाशीतापाशी देशभर पायी हिंडल्या. 1878 साली कलकत्त्यास त्यांचा मोठा गौरव होऊन पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. स्त्रीशिक्षणावर त्यांची व्याख्याने होऊ लागली. तरी वाट पुष्कळ चालून झाली होती, पण मुक्काम ठरला नव्हता.

1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला, आणि 1882 साली पटकीने पती गेले. मांडीवर वर्षाचीही न झालेली मनोरमा होती. विधवेचे दुःख आता पोथीतले राहिले नाही. ते स्वतःचे झाले. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. 1883 साली वैद्यक शिकावे म्हणून त्या इंग्लंडास गेल्या, व तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु कानांस कमी ऐकू येत असल्याने वैद्यकाचे दार बंद झाले. त्या दारापाशी त्या रडत बसल्या नाहीत. निराधार स्त्रियांस विद्या व आश्रय द्यावा, हे ध्येय त्यांनी धरून ठेविले आणि त्यास नेणारी दुसरी वाट शोधिली. अमेरिकेत साहाय्य मिळवून 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले. आरंभी विद्यार्थिनी अवघ्या दोन होत्या.

सदन पुण्यास आल्यावर 1893 साली धर्मांतराच्या वादामुळे पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. तरी काम थांबले नाही. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे 300 मुली व स्त्रिया त्यांनी आणिल्या, आणि केडगावास मुक्ती सदन उभे राहिले. तेथे शेती, विणकाम, छपाई असे उद्योग स्त्रिया शिकू लागल्या.

उतारवयात त्यांनी एक मोठे काम हाती घेतले. साध्या बायकांस कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणावे, म्हणून हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून त्यांनी सुमारे 15 वर्षांहून अधिक काळ भाषांतर केले. पहाटे उठून प्रार्थना, मग संस्थेचा कारभार, आणि त्यातून काढलेल्या वेळात आजच्या वाट्याच्या ओळी. 1921 साली कामातील उजवा हात असलेली मनोरमा वारली. तो घाव सोसूनही लेखणी खाली ठेविली नाही. भाषांतर हातावेगळे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेविला. ग्रंथ 1924 साली प्रसिद्ध झाला.

या चरित्रात आम्हांस विशेष वाटते ते हे की, एवढ्या विद्वान बाईने पुष्कळ चांगल्या गोष्टी सोडून दिल्या. संस्कृताचा मान, सभांतील वाहवा, वैद्यकाची इच्छा, सर्व मागे राहिले. आपण वाईट कामांमुळे क्वचितच भरकटतो. चांगल्याच दहा कामांत एक पुरे होत नाही, ही आपली खरी अडचण आहे. गावात शिकविणाऱ्या आमच्या बंधूस शाळा, दुखणाइताची विचारपूस, शेत, घर, सर्वच हाका मारीत असतात. आज दिवा मालविण्यापूर्वी त्याने इतकेच ठरवावे: माझ्या हाती दिलेले मुख्य काम कोणते, आणि उद्या सकाळी पहिला अर्धा तास त्यास कसा मिळेल? मजल लहान असो; ती रोजची असावी.