मुका मुकादम : रॉबर्ट ओवेन

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे या शहरांत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या नांदल्या, त्या घरांतून गिरणीच्या भोंग्याच्या आठवणी अजूनही निघतात. भोंगा झाला की माणसे दाराशी हजर होत. परंतु दाराशी हजर झालेला मनुष्य आत जाऊन मनापासून काम करील, याची हमी कोणता भोंगा देणार? या प्रश्नाशी ज्याने सव्वादोनशे वर्षांपूर्वी झुंज घेतली, त्या रॉबर्ट ओवेनचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

ओवेनचा जन्म १४ मे १७७१ रोजी वेल्समधील न्यूटाऊन या लहानशा गावी झाला. वडील खोगिरे व लोखंडी सामान यांचा व्यापार करीत. दहाव्या वर्षी मुलाने घर सोडले आणि तो स्टॅमफर्ड येथे एका कापडदुकानी उमेदवारीस राहिला. पुढे लंडन व तेथून मँचेस्टर असा त्याचा प्रवास झाला. वयाची जेमतेम विशी गाठली असता पाचशे कामगारांच्या एका सूतगिरणीची व्यवस्था त्याच्याकडे आली. पहिले सहा आठवडे त्याने सकाळी सर्वांच्या आधी यावे, रात्री सर्वांच्या मागून जावे आणि मुकाट्याने पाहत राहावे, एवढेच केले. आधी पाहावे, मग बोलावे, हा त्याचा स्वभाव आयुष्यभर कायम राहिला.

स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या धबधब्यांजवळ न्यू लॅनार्क येथे डेव्हिड डेल या सज्जन व्यापाऱ्याच्या गिरण्या होत्या. ओवेनने भागीदारांच्या साह्याने त्या साठ हजार पौंडांस घेतल्या, डेलच्या कन्येशी विवाह केला आणि १ जानेवारी १८०० रोजी तेथील कारभार हाती घेतला. वस्ती दोन हजारांच्या घरातील. त्यात अनाथगृहांतून आणलेली सुमारे पाचशे मुले. चोरी, दारू, भांडणे व कामचुकारपणा यांचा सुळसुळाट होता. शिवाय नवा मालक परप्रांतीय. त्याच्या बोलण्याची ढबही निराळी. हा आपल्याकडून अधिक काम पिळून घेण्यासाठी आला आहे, असे समजून लोकांनी त्याच्या प्रत्येक सुधारणेस विरोध केला.

त्या काळी अशा ठिकाणी मुकादमाचा पट्टा चाले. ओवेनने मारहाण व शिवीगाळ बंद केली आणि त्याऐवजी लाकडाचा एक ठोकळा आणला. बोट-दोन बोटे लांबीच्या या ठोकळ्याच्या चार बाजू काळी, निळी, पिवळी व पांढरी अशा रंगविलेल्या होत्या. प्रत्येक कामगाराच्या जागेजवळ तो टांगलेला असे. आदल्या दिवसाचे काम वाईट असेल तर काळी बाजू पुढे येई. बेताचे असेल तर निळी, चांगले असेल तर पिवळी आणि उत्तम असेल तर पांढरी. त्याचीच नोंद रोज वहीत होई. नोंद अन्यायाची वाटल्यास थेट ओवेनकडे दाद मागण्याची प्रत्येकास मुभा होती. मालक गिरणीतून फेरी मारताना आधी ठोकळ्याकडे पाही, मग माणसाकडे पाही आणि एक अक्षरही न बोलता पुढे जाई. प्रारंभी काळ्या रंगाची गर्दी होती. हळूहळू निळा, मग पिवळा व शेवटी पांढरा रंग वाढत गेला, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे.

पण लाकडाच्या तुकड्यात एवढी शक्ती असती, तर जगातील प्रत्येक कारखाना सुधारला असता! तिचे मूळ शोधावयाचे तर आम्हांस दुसऱ्या एका प्रसंगाकडे वळले पाहिजे. ओवेन येऊन काही वर्षे झाली होती. राजकीय तंट्यामुळे अमेरिकेहून येणारा कापूस थांबला आणि भाव भडकले. अनेक मालकांनी कामगारांस काढून टाकले. ओवेनने गिरणी बंद ठेवली, पण माणसे ठेवली. चार महिने यंत्रे स्वच्छ राखण्यापलीकडे काम नसता त्याने सर्वांस पूर्ण वेतन दिले. खर्च सात हजार पौंडांवर गेला, परंतु तेव्हापासून लोकांचा संशय फिटला. ज्याचा शब्द खरा ठरतो, त्याच्या नजरेची लाज वाटते. परक्याच्या नजरेची केवळ भीती वाटते.

भागीदारांस हा खर्च मानवला नाही. अखेर १८१३ साली लिलावात, नव्या भागीदारांच्या साह्याने, ओवेनने गिरण्या पुन्हा मिळविल्या. नफ्याचा वाटा शेकडा पाचांवर न्यावयाचा नाही असे ठरले. १ जानेवारी १८१६ रोजी त्याने तेथे शिक्षणसंस्था उघडली. दहा वर्षांखालील मुलांस त्याने यंत्रांवरून काढून शाळेत पाठविले.

त्याच्या पदरी अपयशही आले. १८२५ साली अमेरिकेत न्यू हार्मनी येथे त्याने समाईक मालकीची वसाहत स्थापिली. आलेल्या कोणासही प्रवेश मिळाला. बोलणारे पुष्कळ, कष्टणारे थोडे अशी अवस्था झाली आणि कोणी किती श्रम केले याचा सर्वमान्य हिशेब बसेना. दोन-तीन वर्षांत प्रयोग मोडला व संपत्तीचा मोठा भाग बुडाला. १७ नोव्हेंबर १८५८ रोजी जन्मगावीच त्याचे निधन झाले. न्यू लॅनार्कच्या गिरण्या १९६८ साली थांबल्या. २००१ साली ते गाव जागतिक वारसास्थळ ठरले.

आम्ही त्या ठोकळ्याचे आंधळे कौतुक करीत नाही. चारचौघांत काळा रंग मिरविणे हाही एक मारच आहे, आणि रंग ठरविणाऱ्या मुकादमाचा रंग कोणता, हे सांगणारा ठोकळा गिरणीत टांगलेला नव्हता. तथापि त्यात दाद होती आणि कालचा डाग आज पुसण्याची संधी होती. आज यंत्रे माणसाच्या कामाची क्षणाक्षणाची नोंद ठेवतात. त्या नोंदीत या दोन गोष्टी असतात काय, हे मोठ्यांनी पाहावे. आमच्या बालवाचकांनी मात्र एवढेच करावे : गुरुजी वर्गाबाहेर गेले असता आपल्या बाकाशी कोणता रंग टांगावा लागेल, ते स्वतःच ठरवावे.