वि. स. खांडेकर : शिक्षक आणि कथाकार



शाळेत वाचलेल्या लघुकथा आपण परीक्षेनंतर विसरलो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात साहित्य वाचण्याची आपली पहिली सवय त्या कथांनीच घडवलेली असते. या दृष्टीने वि. स. खांडेकर यांचे जीवन अभ्यासण्यासारखे आहे.

खांडेकरांचा जन्म ११ जानेवारी १८९८ रोजी सांगली येथे झाला. मूळ नाव गणेश आत्माराम. दत्तक गेल्यावर ते विष्णु सखाराम झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील त्यांचे शिक्षण अर्धवट राहिले. शिक्षणात खंड पडणे म्हणजे काय, हे तुमच्यापैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक आहे. खांडेकरांनी मात्र वर्गाशी असलेले नाते तोडले नाही. १९२० साली ते शिरोडे या गावी शिक्षक झाले आणि १९३८ पर्यंत तेथेच राहिले. कोकणातील दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिले. १९३० चा मिठाचा सत्याग्रहही याच गावी झाला.

याच काळात ते कथाकार म्हणून नावारूपाला आले. पुढे रूपककथा हा प्रकार त्यांनी मराठीत रुजवला व खलील जिब्रान यांच्या कथाही मराठीत आणल्या. रूपककथेचा विस्तार अल्प असतो. फूल, दगड, नदी अशी पात्रे तीत माणसाप्रमाणे बोलतात. भाषेच्या अंगाने पाहिल्यास, अचेतन नाम कर्त्याच्या जागी येते आणि त्याला मानवी क्रियापद जोडले जाते. एवढ्या लहानशा बदलातून अर्थाचा दुसरा स्तर निर्माण होतो. लहानपणी आपण तात्पर्य लिहून मोकळे होतो. प्रौढपणी त्याच कथेतील अहंकार, त्याग व अन्याय आपल्या परिचयाचे झालेले असतात. कथा तीच राहते. वाचक बदललेला असतो.

खांडेकरांच्या अलंकारप्रचुर शैलीवर व बोधवादावर समीक्षकांनी आक्षेप घेतले. ते विचारात घ्यावेतच; परंतु बोध स्वीकारणे किंवा नाकारणे, ही निवड करण्यासाठीही कथा पुन्हा वाचावी लागते.

‘ययाति’ कादंबरीसाठी १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले मराठी लेखक. अखेरच्या काळात दृष्टी गेली, तरी त्यांचे लेखन थांबले नाही. २ सप्टेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

स्वयं-अध्ययन : शालेय जीवनात वाचलेली एक कथा पुन्हा मिळवून वाचा. तेव्हा लक्षात आलेला व आज जाणवणारा अर्थ यांतील फरक दहा ओळींत लिहा.