चीनची भिंत : गोष्ठ पाल

फुटबॉलचा सामना बघताना तुमचं लक्ष कोणाकडे असतं? गोल करणाऱ्याकडे, बरोबर ना? मागे राहून गोल अडवणारा खेळाडू सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. आज अशाच एका बचावपटूची ओळख करून घेऊया. त्यांचं नाव गोष्ठ पाल.

गोष्ठ पाल यांचा जन्म १८९६ साली पूर्व बंगालमधल्या भोजेश्वर गावात झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. लहानपणीच ते कोलकात्याला आले. तिथल्या कुमारटुली भागात ते वाढले आणि तिथेच फुटबॉल खेळायला लागले.

तेव्हा भारतावर इंग्रजांचं राज्य होतं. मोठ्या स्पर्धांमध्ये गोऱ्या सैनिकांचे संघ जिंकायचे. पण १९११ साली कोलकात्यात नवल घडलं. मोहन बागान या भारतीय संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. मोहन बागानच्या अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले होते! गोष्ठ तेव्हा चौदा वर्षांचे होते. पुढच्या एक-दोन वर्षांतच ते याच संघात आले आणि १९३५ पर्यंत याच संघाकडून खेळले.

आता जरा डोळ्यांसमोर आणा. त्या काळी गोलरक्षकाच्या पुढे फक्त दोनच बचावपटू असायचे. समोरून जाड बूट घातलेला धिप्पाड सैनिक धावत येतोय, आणि त्याच्या पायातला चेंडू तुम्हाला काढून घ्यायचाय. तुमचे पाय उघडे आहेत. त्यात कोलकात्याचा पावसाळा! चिखलात बूटवाले नीट उभे राहतात, अनवाणी खेळाडू घसरतात. अशा मैदानावर गोष्ठ पाल वर्षानुवर्षं पाय रोवून उभे राहिले. त्यांना ओलांडून जाणं फार अवघड होतं, म्हणून लोक त्यांना चीनची भिंत म्हणायला लागले.

१९२१ साली ते मोहन बागानचे कर्णधार झाले. १९२३ साली त्यांचा संघ आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात पोचला, पण गोऱ्यांच्या कलकत्ता फुटबॉल क्लबकडून ०-३ असा हरला. त्याच वर्षी हा संघ रोव्हर्स कप खेळायला आपल्या मुंबईत आला. इथेही त्याने अंतिम फेरी गाठली, आणि इथेही तो एका इंग्रज लष्करी संघाकडून हरला. पुढे १९३३ साली भारतीय संघ सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेला. त्याचे कर्णधार गोष्ठ पालच होते.

१९३५ साली ते निवृत्त झाले. असं सांगतात, की एका सामन्यात पंच सारखे गोऱ्या संघाच्या बाजूने निर्णय देत होते. तेव्हा गोष्ठ पाल आणि त्यांचे साथीदार निषेध म्हणून मैदानावर चक्क आडवे झाले.

आता एक गंमत बघा. मोहन बागानने १९११ नंतर शील्ड पुन्हा जिंकली ती थेट १९४७ साली. कलकत्ता लीग तर पहिल्यांदा १९३९ साली जिंकली. म्हणजे गोष्ठ पाल खेळत होते त्या सगळ्या वर्षांत यातलं एकही विजेतेपद क्लबला मिळालं नाही. तरीही लोक त्यांना विसरले नाहीत. १९६२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा मान मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू. १९७६ साली त्यांचं निधन झालं. १९९८ साली त्यांच्या नावाने टपाल तिकीट निघालं. कोलकात्याला गेलात, तर ईडन गार्डन्सजवळ त्यांचा पुतळा नक्की बघा.

चषक कपाटात ठेवता येतो. पण अडवलेले गोल कुठे ठेवणार? ते बघणाऱ्यांच्या आठवणीतच राहतात. कोलकात्याच्या लोकांनी ते जपून ठेवले.

विचार करा आणि लिहा

१. अनवाणी खेळाडूंना पावसाळ्यात जास्त त्रास का व्हायचा?
२. मोठं विजेतेपद मिळालं नाही, तरी गोष्ठ पाल लोकांच्या लक्षात का राहिले?
३. पुढचा सामना बघताना दहा मिनिटं फक्त एका बचावपटूकडे लक्ष द्या. त्याने काय काय केलं, ते पाच वाक्यांत लिहा.