होळकरांची ड्यूझेनबर्ग

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर १९२६ साली गादीवर आले, तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. नव्याची ओढ मोठी. माणिकबाग त्यांनी म्युथेसियस या जर्मन स्थापत्यकाराकडून बांधवून घेतला. १९३६ ची त्यांची ड्यूझेनबर्ग एसजे अमेरिकेची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, अश्वशक्ती ३२०! मागची चाके मात्र एकाच ताठ आसावर, कमानपाट्यांवर. टांग्याचीच तऱ्हा म्हणा ना. एक चाक उचलले की दुसरेही कलते आणि वळणावर पकड ढिली होते. मर्सिडीझने १९३३ मध्येच मागची चाके स्वतंत्र करून वेटोळ्या स्प्रिंगांवर बसविली होती. महाराजांना पैशाची ददात नव्हती, तरी डौलदार गाडीच्या पोटाखाली जुनेच राहिले. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले. महाराज १९६१ साली निवर्तले.