इंग्रजीच्या अभ्यासातून मराठीचे व्याकरण घडविणारे दादोबा

हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजार असो वा मुंबईतील गिरगाव, मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला दहावीच्या परीक्षेत धास्ती वाटते ती इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेची. काळ बदला, प्रयोग बदला, गाळलेल्या जागी योग्य शब्द भरा, उतारा वाचून उत्तरे लिहा, असा सराव महिनोन् महिने चालतो. शब्दार्थांच्या वह्या भरतात, नियम पाठ होतात, परीक्षा संपते आणि त्यातील बरेचसे विस्मरणात जाते. असाच सराव सुमारे दोनशे वर्षांपूर्वी मुंबईतील एका मुलाने केला होता. परकी भाषा शिकताना तिच्या व्याकरणाची जी चौकट त्याच्या हाती लागली, ती घेऊन तो आपल्या भाषेकडे वळला आणि मराठी शाळांना त्याने मराठीचे व्याकरण दिले. रावबहादूर दादोबा पांडुरंग तर्खडकर हे त्यांचे नाव. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ते ओळखले जातात. मात्र या पाणिनीची पहिली पाठशाळा इंग्रजी होती, याची आठवण क्वचितच काढली जाते.

खेतवाडी ते इंग्रजी शाळा

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत खेतवाडीत झाला. वसई परिसरातील तर्खड हे घराण्याचे मूळ गाव, त्यावरून तर्खडकर हे आडनाव आले. पेशवाई बुडाली तेव्हा ते चार वर्षांचे होते. त्या काळी मराठी मुलाचे शिक्षण म्हणजे पंतोजींची शाळा. धूळपाटीवर अक्षरे गिरवावीत, मोडी वळण घटवावे, पाढे आणि हिशेब तोंडपाठ करावेत, एवढाच तिचा आवाका. मराठी ही घरी बोलायची आणि दप्तरात लिहायची भाषा होती. तिलाही नियम असतात व ते शिकायचे असतात, ही कल्पना पंतोजींना नव्हती आणि विद्यार्थ्यांनाही नव्हती. व्याकरण हा शब्द संस्कृतासाठी राखून ठेवलेला होता.

१८२२ मध्ये मुंबईत शालेय पुस्तके आणि शाळा यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ती प्रसिद्ध झाली. गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा तिला पाठिंबा होता. या संस्थेच्या इंग्रजी शाळेत दादोबांनी प्रवेश घेतला. त्यांच्या शिक्षणाला येथे नवे वळण लागले.

आज इंग्रजी शिकणाऱ्याला जी साधने सहज मिळतात, त्यांतील फारच थोडी तेव्हा हाताशी होती. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि मोल्सवर्थ यांनी सुरू करून मेजर कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश यायला १८४७ साल उजाडले. म्हणजे दादोबा शाळेत होते तेव्हा इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधणे हे बहुतांशी ज्याचे त्यालाच करावे लागे. वाक्य वाचायचे, त्यातील प्रत्येक शब्दाची जात, वचन, विभक्ती, काळ सांगायचा आणि मगच अर्थाकडे वळायचे, अशी शिकवण्याची रीत होती. मराठी शाळांत पुढे व्याकरण चालवणे या नावाने जो प्रकार रूढ झाला, तो हाच.

यॉर्कच्या मुलींचे पुस्तक मुंबईत

इंग्रजी जगतात त्या काळी ज्या व्याकरणाचा बोलबाला होता, ते होते लिंडले मरे यांचे. मरे हे मूळचे अमेरिकेतील वकील. पुढे ते इंग्लंडमध्ये यॉर्क शहराजवळ स्थायिक झाले. तेथील मुलींच्या एका शाळेच्या गरजेतून त्यांनी लिहिलेले इंग्रजी व्याकरण १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले. लहान नियम, त्याखाली उदाहरणे आणि सरावासाठी वाक्ये अशी त्याची धाटणी शिक्षकांना सोयीची वाटली. त्याच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या आणि इंग्रजी राज्य जेथे जेथे पोहोचले, तेथे तेथे ते पोहोचले.

मरे यांनी व्याकरणाचे चार भाग पाडले होते : वर्ण आणि लेखन, शब्दांच्या जाती व रूपे, वाक्यरचना आणि छंद. शब्दांच्या त्यांनी नऊ जाती मानल्या. त्यांतील एक जात म्हणजे इंग्रजीत नामापूर्वी येणारे आर्टिकल. ते मराठीत नाही. ते वगळले की उरतात आठ : नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी. आजही मराठी शाळेतील विद्यार्थी शब्दांच्या याच आठ जाती शिकतो. संस्कृत व्याकरणाची शब्दविभागणी याहून निराळी आहे. मराठीच्या पुस्तकात ही आठ घरे आली ती इंग्रजीच्या वाटेने.

१८३६ चे व्याकरण

दादोबांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. त्यापूर्वी मराठीचे व्याकरण कोणी लिहिलेच नव्हते असे नाही. विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण लिहिले होते. पण ते इंग्रजीत आणि इंग्रजांसाठी होते. संस्थेसाठी शास्त्री मंडळींनी रचलेल्या व्याकरणावर संस्कृताची दाट छाया होती. मराठी मुलाला त्याच्याच भाषेत, शिक्षकाला वर्गात शिकवता येईल अशा क्रमाने, व्याकरण समजावून सांगण्याचे काम दादोबांनी केले.

हे काम सरळ भाषांतराचे नव्हते. इंग्रजीत खुर्ची, पलंग आणि टेबल यांच्यात लिंगभेद नाही. मराठीत खुर्ची ती, पलंग तो आणि टेबल ते. इंग्रजीतील संबंध दाखविणारा शब्द नामाच्या आधी येतो. मराठीत तो मागून येतो आणि झाडावर, घरासमोर असा नामाला चिकटतो. त्यामुळे मरे यांची मांडणी घेऊनही आत भरायचे ते सर्व मराठीतून शोधावे लागणार होते. विभक्तींसाठी दादोबांनी संस्कृताचा आधार घेतला. अशा रीतीने इंग्रजीची चौकट, संस्कृताची परिभाषा आणि मराठीचा व्यवहार या तिन्हींचा मेळ त्यांनी घातला.

या भेदाची सर्वांत मोठी कसोटी लागते ती प्रयोगात. रामाने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळे खाल्ले, या वाक्यांत क्रियापद कर्त्याकडे पाहत नाही, कर्माप्रमाणे बदलते. मराठीत हा कर्मणी प्रयोग आहे. इंग्रजीत मात्र राम एट अ मँगो हे वाक्य ॲक्टिव्ह व्हॉइसचेच राहते. कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असे समीकरण ज्या विद्यार्थ्याने पाठ केले असेल, तो येथे हमखास चुकतो. दोन भाषांचे नियम शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय ही चूक का होते, ते उमगत नाही. दादोबांच्या पिढीला ती तुलना स्वतःच करावी लागली. आजच्या विद्यार्थ्याला दोन्ही पुस्तके तयार मिळतात, पण ती दोन वेगळ्या तासांत आणि दोन वेगळ्या शिक्षकांकडून.

शिक्षक, परीक्षक आणि वाद

व्याकरण छापून दादोबा स्वस्थ बसले नाहीत. माळव्यातील जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक म्हणून काही काळ घालविल्यावर ते मुंबईला परतले आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये अध्यापक झाले. १८४१ च्या सुमारास सुरतेच्या इंग्रजी शाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली. तेथे दुर्गाराम मेहता आदी मित्रांसह १८४४ मध्ये त्यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. १८४६ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे निधन झाले आणि मराठी शिक्षक तयार करणाऱ्या मुंबईच्या नॉर्मल वर्गाची जबाबदारी दादोबांवर पडली. व्याकरण लिहिणाऱ्यालाच ते शिकविणारे शिक्षक घडविण्याची संधी मिळाली.

हा काळ भाषेच्या वादाचा होता. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजी माध्यमाकडे होता, तर बहुजनांना ज्ञान मिळायचे असेल तर ते मराठीतूनच दिले पाहिजे, अशी जगन्नाथ शंकरशेट यांची भूमिका होती. १८४७ च्या सुमारास हा वाद शिगेला पोहोचला. दादोबांचे सारे आयुष्य या दोन टोकांच्या मध्ये उभे होते. इंग्रजीने त्यांना नोकरी, मान आणि नवे विचार दिले होते. तरीही व्याकरण, धर्मचिंतन आणि काव्यटीका त्यांनी मराठीत लिहिली. १८४८ मध्ये स्थापन झालेल्या मराठी ज्ञानप्रसारक सभेचे ते पहिले अध्यक्ष होते. जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेच्या १८४९ मधील स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता.

सरकारी मराठी शाळांचे सुपरिंटेंडेंट या नात्याने परीक्षा घेणे हेही त्यांच्या कामाचा भाग बनले. ऑक्टोबर १८५१ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या पुण्यातील मुलींच्या शाळेची त्यांनी तपासणी केली, मुलींची परीक्षा घेतली आणि समाधान व्यक्त केले. मुलींनी शिकावे की नाही यावर पुण्यात रान उठले असताना सरकारी अधिकाऱ्याने दिलेला हा अभिप्राय मोलाचा होता.

१८५२ मध्ये दादोबा अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. भिल्लांच्या बंडाच्या वेळी केलेल्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर किताब दिला. महसुली नोकरीतही भाषेचा नाद सुटला नाही. मोरोपंतांच्या केकावलीवरील त्यांची 'यशोदा पांडुरंगी' ही टीका १८६५ मध्ये प्रसिद्ध झाली. जुनी कविता वाचायची कशी, तिचे अन्वय लावायचे कसे, याचा तो वस्तुपाठ होता.

घराणे आणि इंग्रजी

तर्खडकरांच्या घरात इंग्रजी परीक्षेपुरती राहिली नाही. दादोबांचे बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ मध्ये 'बॉम्बे गॅझेट'मध्ये टोपणनावाने पत्रे लिहून इंग्रजी राज्याने चालविलेल्या लुटीचा पंचनामा केला. राज्यकर्त्यांची भाषा राज्यकर्त्यांना जाब विचारण्यासाठी वापरणाऱ्या पहिल्या मराठी तरुणांत त्यांची गणना होते. दुसरे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग हे १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे संस्थापक.

१८७८ मध्ये विलायतेला निघालेले तरुण रवींद्रनाथ टागोर मुंबईत डॉ. आत्माराम यांच्या घरी राहिले. इंग्रजी संभाषणाचा सराव व्हावा, हा मुक्कामाचा हेतू. सराव करवून घेण्याचे काम इंग्लंड पाहून आलेल्या अन्नपूर्णा या डॉक्टरांच्या कन्येकडे होते. त्याच वर्षी चौसष्ट वर्षांच्या दादोबांचे स्वीडनबोर्गच्या विचारांवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्राच्या घराघरांत तर्खडकर हे आडनाव पोहोचले ते मात्र तर्खडकर भाषांतर पाठमालेमुळे. मराठी वाक्याचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा, अशा पाठांमागून पाठ देणाऱ्या या पुस्तकांनी अनेक पिढ्यांचे इंग्रजी पक्के केले. पाठमालेचे श्रेय अनेकदा दादोबांना दिले जाते. पण ती द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची. गैरसमज समजण्याजोगा आहे. दोन भाषा समोरासमोर ठेवून शिकण्याची जी रीत पाठमालेने घरोघरी नेली, तिचा मोठा प्रयोग दादोबांनीच केला होता.

टीका आणि दुरुस्ती

दादोबांच्या व्याकरणावर टीकाही झाली. मराठीच्या अंगाला इंग्रजीचा अंगरखा चढविला, असा तिचा रोख होता. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यातील उणिवा निबंधांतून दाखविल्या. पुढे मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहून या सर्व चर्चेचा परामर्श घेतला. आक्षेपांत तथ्य होते. मात्र खंडन करण्याजोगी मांडणी प्रथम कोणीतरी करावी लागते, ती दादोबांनी केली.

ते स्वतः पहिल्या पुस्तकावर संतुष्ट नव्हते. १८५० मध्ये त्यांनी सुधारलेली दुसरी आवृत्ती काढली. लहान मुलांसाठी लघु व्याकरण तयार केले आणि १८८१ मध्ये राहिलेल्या भागाची भर घालणारी 'पूरणिका' प्रसिद्ध केली. बाविसाव्या वर्षी हाती घेतलेला विषय सदुसष्टाव्या वर्षीही त्यांच्या लेखी संपला नव्हता. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकर यांच्या परिश्रमामुळे १९४७ मध्ये वाचकांसमोर आले.

मराठवाड्यातील वर्ग

दादोबांच्या हयातीत जवळा बाजार परिसर निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्यातील शिक्षणखात्याचा तेथे संबंध नव्हता आणि पुढे उच्च शिक्षणासाठी उर्दूची वाट धरावी लागे. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि दादोबांनी रुळविलेल्या व्याकरणाच्या संज्ञा या भागातील मराठी शाळांतही राज्याच्या पाठ्यपुस्तकांतून शिकविल्या जाऊ लागल्या. २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. दहा वर्षे इंग्रजी शिकूनही दहावीच्या वर्षी शेतकऱ्याच्या किंवा दुकानदाराच्या मुलाला तिची भीती वाटते, तेव्हा कमतरता केवळ सरावाची नसते. आपल्या वाक्यात कर्ता कोण, कर्म कोण, क्रियापद कोणामागे चालते, हे ज्याला मराठीत कळले आहे, त्याला इंग्रजीतील वेगळेपण दिसते. ज्याला ते मराठीत कळलेले नाही, त्याला इंग्रजीचा नियम केवळ पाठ करावा लागतो.

दादोबांनी इंग्रजी शिकून मराठी ओळखली. मराठी माध्यमातील विद्यार्थ्यासाठी तीच वाट उलट दिशेने खुली आहे. त्यासाठी मराठीचा आणि इंग्रजीचा तास यांच्यामधली भिंत तेवढी काढावी लागेल.