छोट्या टीव्हीवर कोड का वाचता येत नाही? ३० रेषांच्या माणसाची गोष्ट

२०२० मध्ये मी वाशिम जिल्ह्यात, रिसोडला घरी बसून पहिल्या नोकरीचं काम करत होतो. लॅपटॉप एकच. कोड, मीटिंग आणि चॅट यांच्यात सारखी विंडो बदलून डोकं उठायचं. शेवटी माळ्यावरचा १४ इंची पोर्टेबल टीव्ही खाली काढला, एचडीएमआयचं एव्ही करणारा छोटा कन्व्हर्टर लावला, विंडोज आणि पी ही बटणं दाबून एक्स्टेंड निवडलं. चित्र आलं! पण अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या.

मला वाटलं, कन्व्हर्टरच खराब आहे. तसं नव्हतं. खरं कारण शोधत गेलो आणि जॉन लोगी बेअर्डपर्यंत पोचलो. टीव्हीचं चित्र रेषांनी बनतं, आणि किती रेषा यावरच या माणसाचं नशीब घडलं आणि बिघडलंही.

बेअर्डचा जन्म १८८८ चा, स्कॉटलंडमधल्या हेलेन्सबर्गचा. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. ग्लासगोला इंजिनिअरिंग शिकला, पण तब्येत कायम नाजूक. पहिल्या महायुद्धात सैन्यानेही घेतलं नाही. वीज कंपनीतली नोकरी सोडून त्याने पाय कोरडे ठेवणारे मोजे विकले, त्रिनिदादला जाऊन जॅम बनवला, मग साबण विकला. पस्तिशीला आला तेव्हा हातात पैसा नाही, तब्येत नाही. १९२३ मध्ये तो हवापालटासाठी हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावी आला आणि तिथे चित्र दूर पाठवण्याच्या मागे लागला.

सामान काय? चहाची पेटी, टोपीचा खोका, शिवणकामाच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगं आणि लाख. आपल्याकडे याला जुगाड म्हणतात. मूळ कल्पना पॉल निपकोव्हची, १८८४ ची. एका गोल तबकडीवर सर्पिलाकार भोकं पाडायची. तबकडी फिरली की प्रत्येक भोक समोरच्या दृश्याची एक रेषा टिपतं. प्रकाश कमी-जास्त होतो तशी वीज कमी-जास्त होते. दुसऱ्या टोकाला तशीच तबकडी त्याच वेगाने फिरवली की रेषा पुन्हा जुळतात. ३० भोकं, म्हणजे ३० रेषा.

१९२४ मध्ये प्रयोग करताना त्याला जबरदस्त शॉक बसला. जीव वाचला, पण घरमालकाने जागा खाली करायला सांगितली. तो लंडनला गेला. २ ऑक्टोबर १९२५ ला एका बाहुल्याचा चेहरा पडद्यावर ओळखता येईल इतका स्पष्ट दिसला. बेअर्ड धावतच खाली गेला आणि विल्यम टेंटन नावाच्या ऑफिसबॉयला वर घेऊन आला. दिव्यांचा ताप एवढा की पोरगं मागे सरकलं. बेअर्डने त्याला अर्धा क्राउन देऊन पुन्हा बसवलं. २६ जानेवारी १९२६ ला रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सदस्यांसमोर जाहीर प्रात्यक्षिक झालं. १९२८ मध्ये त्याचं चित्र लंडनहून अटलांटिकपार अमेरिकेत पोचलं. त्याच वर्षी त्याने रंगीत टीव्हीही दाखवला.

एक मजेची गोष्ट. बेअर्डच्या या टीव्हीचं चित्र उभं होतं, रुंदीपेक्षा उंची दुपटीहून जास्त. तुमच्या रीलसारखं! एक चेहरा मावला की झालं.

पण ३० रेषांत चेहराच मावतो, मजकूर नाही. नोव्हेंबर १९३६ मध्ये बीबीसीने दोन पद्धती आलटून पालटून चालवल्या. बेअर्डची २४० रेषांची, आणि मार्कोनी-ईएमआयची पूर्ण इलेक्ट्रॉनिक, ४०५ रेषांची. बेअर्डचा कॅमेरा जागचा हलत नव्हता. आधी फिल्मवर शूटिंग, मग ती तिथेच धुवायची, मग प्रक्षेपण. त्यात ३० नोव्हेंबरला क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथल्या त्याच्या प्रयोगशाळेचं मोठं नुकसान झालं. फेब्रुवारी १९३७ मध्ये त्याची पद्धत बंद झाली. ज्याने टीव्ही दाखवला, त्याचंच यंत्र टीव्हीतून बाहेर.

तरी गडी थांबला नाही. युद्धकाळात, कंपनी हातातून गेल्यावरही तो काम करत राहिला. १९४४ मध्ये त्याने टेलिक्रोम ही रंगीत पिक्चर ट्यूब दाखवली, आणि तीही इलेक्ट्रॉनिक. म्हणजे ज्या तंत्राने त्याला हरवलं, तेच त्याने शिकून घेतलं. युद्धामुळे बंद पडलेली बीबीसीची टीव्ही सेवा ७ जून १९४६ ला पुन्हा सुरू झाली. १४ जूनला बेअर्ड गेला, वय ५७.

आता माझ्या मुंग्यांकडे येऊ. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीत ६२५ रेषा असतात, त्यातल्या ५७६ चित्राला मिळतात. त्याही एकदम नाही. आधी एकाआड एक रेषा, मग उरलेल्या. लॅपटॉपच्या १०८० रेषा त्यात कोंबल्या की बारीक अक्षरं पुसट होतात आणि आडव्या रेघा थरथरतात. शिवाय एव्हीच्या पिवळ्या वायरमधून उजेड आणि रंग एकत्र येतात, म्हणून अक्षरांच्या कडेला रंग फुटतो.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. जुन्या टीव्हीवर मीटिंगमधले चेहरे, गाणी, घड्याळ ठेवा, कोड लॅपटॉपवरच. नवा छोटा एलसीडी टीव्ही घेणार असाल तर तो कोणता सिग्नल घेतो ते नंतर बघा, आधी पॅनेलचं नेटिव्ह रिझोल्यूशन बघा. ८०० बाय ४८० असेल तर मजकुराला तोही अपुराच. आणि पिक्चर ट्यूबचा टीव्ही स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात जबर व्होल्टेज साठलेलं राहू शकतं, आणि बेअर्डसारखं प्रत्येकाचं नशीब नसतं.

मी शेवटी त्या टीव्हीवर फक्त मीटिंग ठेवली. मॅनेजरचा चेहरा थोडा पुसट दिसायचा, पण काम निभावलं.